पाणी शेवटी घाला: घरची शिकेकाई, भांड्यांची पूड आणि धुण्याचा साबण

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय: घरात सहा माणसं. शॅम्पू, साबण, भांड्यांचा बार, फिनेल, क्रीम यांवर दर महिन्याला बराच पैसा जातो. म्हणून त्यांनी व्हिडिओ बघून रिठ्याचं द्रव, खायचा सोडा आणि व्हिनेगरचं मिश्रण आणि कोरफडीचं क्रीम घरीच केलं. पावसाळ्यात द्रव आठवड्यात आंबलं, क्रीमवर बुरशी आली, सोडा-व्हिनेगरनं चिकटपणा निघाला नाही आणि लिंबू चोळल्यावर ओट्याचा काळा दगड पांढरट पडला. हे स्वस्तात खरंच जमतं का, आणि जमलं तर बचत गटातून विकता येईल का?

जमतं, ताई. आमच्या घरात वर्षानुवर्षं जमतंय आणि खानापूर, नंदगड, उचगाव भागातल्या बायकांना मी हेच शिकवत आले आहे. तुमच्या हातात काही कमी नाही. तुम्हाला मिळालेल्या कृतीच मुळात चुकीच्या दिशेच्या आहेत, कारण त्या बाटलीबंद वस्तूची नक्कल करायला शिकवतात.

शॅम्पूच्या किंवा लोशनच्या बाटलीवरची घटकांची यादी वाचून बघा. ज्याचं प्रमाण जास्त त्याचं नाव आधी, आणि पहिलं नाव बहुधा पाण्याचंच असतं. त्या पाण्यात जंतू आणि बुरशी वाढू नये म्हणून कारखान्यात मोजून परिरक्षक घालतात. आपण घरी तेच पाणी घालतो, परिरक्षक मात्र घालत नाही. मग रिठा, कोरफड, बेसन, दही, फुलांचा काढा, ज्यात ओल आहे ते सगळं नासणारच. त्यात जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस असला तर विचारूच नका, तिथं जून ते सप्टेंबर भिंतीलाही बुरशी येते.

म्हणून मी पहिल्यापासून एकच धरून बसले आहे. साठवायचं ते कोरडं साठवायचं, किंवा निव्वळ तेलात साठवायचं. पाणी घालायचं ते वापरायच्या वेळी, लागेल तेवढंच. पैसाही इथंच वाचतो, कारण आपण पाणी विकत आणत नाही, बाटली विकत आणत नाही आणि नासलं म्हणून ओतूनही देत नाही.

आधी केसांचं घेऊ, कारण बचत तिथं सगळ्यात जास्त आहे. शिकेकाई आपल्या खानापूरच्या जंगलपट्ट्यातली. बाजारदिवशी गावाकडच्या बायका वाट्यानं आणि मापानं घेऊन बसतात, त्यांच्याकडूनच घ्या. रिठा किराणा मालाच्या किंवा काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. गोकाक-अथणीकडं कन्नड दुकानदाराला ‘अंटवाळकाई’ म्हटलं की लगेच काढून देईल. आपण होऊन जंगलात जाऊन ओरबाडून आणायचा विचार मात्र करू नका. आपल्याकडचं भीमगडचं जंगल 2011 मध्ये अभयारण्य झालं, तिथून काही तोडून आणणं कायद्यानं चालत नाही, आणि शिकेकाईची काटेरी वेल तोडायचं कामही सरावाच्या माणसाचंच आहे.

माझं माप असं: शिकेकाई अर्धा किलो, बिया काढलेला रिठा पाव किलो, सुका आवळा 100 ग्रॅम, मेथी 100 ग्रॅम. परड्यात जास्वंद असेल तर सावलीत वाळवलेली दोन-तीन मुठी पानं आणि तेवढाच कढीपत्ता. वासासाठी नागरमोथा किंवा कपूरकाचरी थोडी, परवडली तर. रिठा घेताना टरफलाचा भाव विचारा. अख्खा रिठा स्वस्त दिसतो, पण बी काढल्यावर वजन बरंच घटतं. बी काढायलाच हवी, ती दगडासारखी कठीण असते आणि गिरणीवाला तुम्हाला परत दारात उभं करणार नाही.

हे काम मार्च-एप्रिलच्या उन्हात उरका. सगळं साहित्य हातानं मोडल्यावर कडकन आवाज येईपर्यंत वाळलं पाहिजे. मग आधी उखळात किंवा खलबत्त्यात भरड करून गिरणीत द्या. पिठाच्या गिरणीत दिवसाच्या शेवटी दळून घ्या, म्हणजे पुढच्याच्या जोंधळ्यात शिकेकाई जाणार नाही. तिखटाच्या गिरणीत काही केल्या देऊ नका, जात्यात अडकलेली मिरचीची कणी पुढं डोळ्यांत आणि टाळूवर आग लावते. दळताना नाकाला पदर बांधा. रिठ्या-शिकेकाईची धूळ नाकात गेली की शिंका थांबत नाहीत, आणि दम्याच्या माणसाला त्या वेळी जवळ उभं करू नये.

एका न्हाण्याला साधारण 20 ग्रॅम, म्हणजे चमचे तीन-चार. एक किलो पूड म्हणजे पन्नास न्हाणी. सहा जणांनी आठवड्यातून एकदा न्हायलं तर ती दोन महिन्यांच्या आसपास पुरते. तुमच्या बाजारातल्या भावानं हिशेब मांडा आणि सध्याच्या शॅम्पूच्या खर्चाशेजारी ठेवून बघा. रात्री लोखंडी कढईत किंवा स्टीलच्या पातेल्यात पूड भिजवा, सकाळी जरा कोमट करा, फडक्यातून गाळा आणि गाळलेलं पाणीच वापरा. पूड तशीच केसांत घातली तर ती निघता निघत नाही, आणि मग मुली म्हणतात आम्हाला नको. बहुतेक घरांतून शिकेकाई गेली ती या एका कंटाळ्यामुळं. गाळून दिली की मुलीही आनंदानं वापरतात.

आता रिठ्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तो घरातला खरा कामाचा गडी आहे. त्याच्या टरफलात सॅपोनिन नावाचं द्रव्य असतं, फेस त्याचाच. साबणाचं आणि याचं एक मोठं अंतर आहे. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात, साबण त्यांच्याशी जुळून पांढरा चिकट साका धरतो. तोच साका केसांत, बादलीच्या काठावर आणि न्हाणीच्या फरशीवर बसतो. रिठा असा साका धरत नाही. खानापूर-जांबोटीकडं पाणी बहुतेक मऊ, तिथं हे फारसं जाणवत नाही. पण रायबाग, अथणी, गोकाककडं बोअरवर राहणाऱ्यांना रिठा साबणापेक्षा जास्त उपयोगी पडतो, आणि नेमके तिकडचेच लोक त्याला विसरलेत.

दुसरं, रिठ्याचं पाणी किंचित आंबट गुणाचं असतं. रेशीम आणि लोकर यांना सोडा-साबणाचा खार सोसत नाही, रिठा सोसतो. शहापूर-वडगावच्या मागावरची साडी असो, इरकल असो की गोधडीखालचं लोकरी कांबळं असो, रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून हलक्या हातानं चुबकलं तर रंग आणि पोत टिकतो. सोनारही दागिने रिठ्यानंच उजळतात. पण पांढऱ्या सुती कपड्यांना रोज रिठा वापरू नका, ते हळूहळू पिवळट होतात. शेतातल्या चिखलाच्या कपड्यांनाही तो पुरा पडत नाही.

द्रव लागतंच असेल तर 100 ग्रॅम टरफलं एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून वीस मिनिटं उकळा, कुस्करा, गाळा. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस नीट राहतं. जास्त झालं तर बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवा आणि एकेक वडी काढून वापरा. फ्रीज नसेल तर दोन दिवसांपुरतंच करा. डोळ्यांत गेलं तर फार झोंबतं, म्हणून तान्ह्या बाळाला रिठा लावू नये.

भांड्यांचं गणित याहून सोपं आहे. चूल किंवा पाण्याचा बंब अजून पेटत असेल तर राख तुमच्या घरात फुकट तयार होते. लाकडाच्या आणि शेणीच्या राखेत पोटॅशचे क्षार असतात, ते तेलकटपणा तोडतात, आणि बारीक कण घासायचं काम करतात. चार वाट्या मैद्याच्या चाळणीनं चाळलेली राख, एक वाटी रिठ्याची पूड, अर्धी वाटी धुण्याचा सोडा. हे कोरडं मिसळून बरणीत ठेवा आणि ओल्या काथ्यानं घ्या. राखेत प्लास्टिक जाळलेलं असेल तर ती वापरू नका. पेटवणीला दुधाच्या पिशव्या घालायची सवय बऱ्याच घरांत आहे, ती आधी मोडा. आणि कोळशाची खर राहिली तर चरे पडतात, म्हणून चाळणं सोडू नका.

गॅसच्या घरी राख कुठली? तिथं भाताचा कोंडा वापरा. आपल्याकडं भाताच्या गिरण्या चिकार आहेत, बारीक कोंडा तिथं स्वस्तात मिळतो. तेलकट ताटावर तो चिमूटभर टाकून कोरडाच फिरवला की तेल शोषून घेतो, आणि पुढं पाणी आणि पूड दोन्ही कमी लागतात. जुना कोंडा खवट होतो, त्यामुळं महिन्यापुरताच आणा.

ॲल्युमिनियमच्या भांड्यांना राख आणि धुण्याचा सोडा दोन्ही वर्ज्य. खार ॲल्युमिनियमला खातो, भांडं काळवंडतं. त्याला रिठ्याचं पाणी आणि काथ्या पुरे. नॉनस्टिक तव्याला तर राख दाखवूसुद्धा नका.

तांब्या-पितळेचं उलट आहे, तिथं आंबट लागतं. चिंच आणि मीठ सगळ्यांना माहीत आहे. आमसुलं करताना उरलेलं पाणी किंवा जुनी, खायला न वापरायची आमसुलं यांनीही तांबं तेवढंच लख्ख होतं. घासल्यावर साध्या पाण्यानं भरपूर धुवा आणि लगेच पुसून कोरडं करा, नाहीतर तासाभरात डाग येतात. चांदीला ना राख ना चिंच. पातेल्यात ॲल्युमिनियमची फॉइल घाला, वर चांदी ठेवा, दोन चमचे खायचा सोडा टाकून कडकडीत पाणी ओता. चांदीवरचा काळेपणा हा गंधकाचा थर असतो. तो फॉइलकडं जातो, चांदी झिजत नाही. खडे बसवलेले दागिने यात घालू नका.

आता तुमचा ओटा. हे मी मुद्दाम लांबवून सांगते, कारण आपल्या भागातल्या निम्म्या घरांचं यात नुकसान होतं. ओट्याचा काळा कडप्पा आणि जमिनीची शहाबादी फरशी हे दोन्ही चुनखडीचेच दगड. शहाबादी आपल्याच कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातली. चुनखडीवर आंबट पडलं की दगडच विरघळतो. लिंबू, व्हिनेगर, चिंच, ताक, संडासाचं ॲसिड, सालींचं आंबवलेलं पाणी, सगळं त्यात आलं. तुमच्या ओट्यावरचा पांढरा पट्टा हा डाग नाही, तिथला वरचा थर खाल्ला गेला आहे. धुऊन तो जाणार नाही. खोबरेल चोळलं तर काही दिवस काळा दिसेल. कायमचं हवं असेल तर फरशी पॉलिश करणाऱ्याकडून तेवढा भाग घासून घ्यावा लागेल.

दगड कोणता ते कळत नसेल तर कोपऱ्यात न दिसणाऱ्या जागी लिंबाचा एक थेंब टाका. बुडबुडे आले किंवा थोड्या वेळानं फिकट ठिपका उमटला तर चुनखडी. ग्रॅनाइटवर असं होत नाही. शहाबादी, कडप्पा आणि मार्बलला कोमट पाण्याच्या बादलीत चमचाभर धुण्याचा सोडा किंवा वाटीभर रिठ्याचं पाणी, त्यानं पुसायचं, मग साध्या पाण्याचा हात फिरवायचा. बस.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायचा प्रकार तर सोडूनच द्या. एक खाराच्या गुणाचा, एक आंबट. भेटले की फसफसतात, वायू उडून जातो आणि मागं सोडियम ॲसिटेट नावाच्या मिठाचं पाणी उरतं. त्याला ना तेलकटपणा तोडायची ताकद राहिली ना क्षार विरघळवायची. फेस बघून काम होतंय असं वाटतं एवढंच. दोन्ही वेगवेगळे वापरलेत तर दोन्ही कामाचे आहेत. तेल, तूप, घाम यांना खार लागतो, म्हणजे राख, धुण्याचा सोडा, साबण. बोअरच्या पाण्याचे पांढरे थर, तांब्याचा काळेपणा, गंजाचे डाग यांना आंबट लागतं. काय काढायचंय ते आधी ओळखलं की वस्तू आपोआप ठरते.

नळाच्या तोटीवर, गीझरमध्ये, स्टीलच्या बादलीवर जो क्षार बसतो त्याला लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिडचे खडे, हा माझ्या मते सर्वांत स्वस्त उपाय. व्हिनेगरपेक्षाही स्वस्त, आणि कोरडं असल्यानं नासत नाही. लिटरभर गरम पाण्यात एक मोठा चमचा, अर्धा तास भिजवायचं, घासायचं. चिनी मातीच्या टाइलला चालतं. खालची फरशी शहाबादी असेल तर ओघळ जाऊ देऊ नका.

सालींचं आंबवलेलं पाणी, ज्याला हल्ली बायो-एन्झाइम म्हणतात, त्याचं प्रमाण गूळ 1, साली 3, पाणी 10. म्हणजे 100 ग्रॅम काळपट गूळ, 300 ग्रॅम लिंबू-मोसंबीच्या साली, एक लिटर पाणी. आपल्या चिकोडी-हुक्केरीच्या ऊसपट्ट्यात खायला न चालणारा गूळ स्वस्तात मिळतो, तोच घ्या. प्लास्टिकच्याच बाटलीत करा आणि वरचा चौथा हिस्सा रिकामा ठेवा. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून हवा सोडायची, नाहीतर बाटली फुटते, म्हणूनच काच नको. तीन महिने लागतात. हे एकच ओलं द्रव मी साठवायला सांगते, कारण आंबल्यावर ते इतकं आंबट होतं की त्यात पुढं काही सडत नाही. व्हिट्रिफाइड टाइल्सना बादलीत पाव वाटी पुरे. मोरीच्या वासावर आणि गुळगुळीत शेवाळावर छान चालतं. मार्बल-शहाबादीला मात्र नाही, हे आता सांगायला नको.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. सालींचं पाणी, कडुलिंबाचा काढा, गवती चहाचं पाणी यांनी घर स्वच्छ होतं, वास चांगला येतो. पण घरात कुणाला उलट्या-जुलाब झाले असतील तर त्यावर विसंबू नका. तिथं ब्लीचिंग पावडरचं पाणीच हवं. आणि ब्लीचिंगमध्ये लिंबू, व्हिनेगर किंवा संडासाचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जीवावर बेततो. नैसर्गिकच्या हट्टापायी आजारी माणसाच्या खोलीत जोखीम घेणं मला पटत नाही.

अंगाच्या साबणाबद्दल माझं मत बऱ्याच जणींना आवडत नाही. चांगल्या खोबरेलाचा साबण घरी केला तर तो उत्तम होतो, पण दुकानातल्या साध्या साबणापेक्षा स्वस्त पडेलच असं नाही, कारण सगळा खर्च तेलातच आहे. हौस असेल तर करा. पैसे वाचवायचे असतील तर अंगाला उटणं आणि धुण्याला घरचा साबण, ही जोडी धरा.

उटणं दिवाळीपुरतं ठेवू नका. मसूर डाळ भाजून केलेलं पीठ चार वाट्या, आंबेहळद पाव वाटी, कचोरा आणि वाळा थोडा, संत्र्याची वाळलेली साल दळून अर्धी वाटी. चंदनाच्या मागं लागू नका. खरं चंदन महाग, आणि स्वस्त मिळतं ते बहुधा चंदन नसतं. लावताना उन्हाळ्यात पाण्यात, थंडीत दुधात किंवा तेलात कालवा. नवीन काही लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. त्वचेवर थेट लिंबू चोळून उन्हात जाऊ नका, काळे चट्टे आणि फोडही येतात. चेहऱ्याला खायचा सोडाही नको. त्वचा मुळात किंचित आंबट असते, सोडा तिचं आवरण मोडतो आणि मग खाज-कोरडेपणा सुरू होतो.

धुण्याचा साबण दिवाळीनंतर करायचा, तळणीचं तेल उरलेलं असतं तेव्हा. हवाही तेव्हा कोरडी असते. 400 ग्रॅम गाळलेलं वापरलेलं शेंगतेल किंवा सूर्यफूल तेल, 100 ग्रॅम खोबरेल, 70 ग्रॅम कॉस्टिक सोडा, 160 मिलिलिटर पाणी. सगळं वजनकाट्यावर मोजा, वाटी-चमच्याच्या मापानं हे काम करायचं नाही. काटा नसेल तर साबण करू नका, इतकं मी ठामपणे सांगते. कारण प्रत्येक तेलाला कॉस्टिक वेगवेगळं लागतं. 500 ग्रॅम खोबरेलाला पुरतं 91 ग्रॅमच्या आसपास, तेवढ्याच शेंगतेलाला 68. खोबरेलाची कृती घेऊन शेंगतेल वापरलं तर वीसेक ग्रॅम कॉस्टिक साबणात मोकळं राहतं आणि हाताची साल काढतं.

कॉस्टिक नेहमी पाण्यात घालायचं, थोडं थोडं. कॉस्टिकवर पाणी ओतलं तर ते उसळून अंगावर येतं. स्टीलचं किंवा जाड प्लास्टिकचं भांडं घ्या, ॲल्युमिनियमचं नको. हातमोजे, डोळ्यांना चष्मा, मोकळं अंगण, आणि मुलं-कोंबड्या-मांजरं लांब. मिसळताना पाणी आपोआप खूप तापतं आणि वाफ येते, ती हुंगू नका. कोमट होईपर्यंत ठेवा. आपल्याकडं थंडीत खोबरेल गोठतं, ते पातळ करून बाकीच्या तेलात मिसळा. मग कॉस्टिकचं पाणी तेलात बारीक धारेनं सोडत लाकडी दांड्यानं ढवळत राहा. पिठल्याइतकं दाट झालं आणि वर ओढलेली रेघ क्षणभर टिकली की साच्यात ओता. वापरलेल्या तेलाला वेळ लागतो, धीर धरा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कापा आणि चार ते सहा आठवडे हवेशीर सावलीत वाळू द्या. त्या काळात उरलेलं कॉस्टिक तेलाशी जुळतं आणि पाणी उडून वडी टणक होते. कातडीवर कॉस्टिक उडालं तर लगेच वाहत्या पाण्याखाली धरा आणि बराच वेळ धुवा. व्हिनेगर किंवा लिंबू लावत बसू नका. डोळ्यांत गेलं तर धूत-धूतच दवाखाना गाठा.

क्रीमच्या जागी तेलाचा बाम करा. कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, मुठेल म्हणतात ते, चोर्ला घाटाखालून येतं आणि बेळगावातही मिळतं. ते एक भाग, खोबरेल दोन भाग, मंद आचेवर वितळवून डबीत ओता. यात पाण्याचा थेंब नाही म्हणून बुरशी नाही, महिनोन्‌महिने राहतं. लावणीच्या चिखलात उभं राहून भेगाळलेल्या टाचांना मी यापेक्षा चांगलं काही पाहिलं नाही. रात्री पाय धुऊन, पूर्ण कोरडे करून लावा. कोरफड हवीच असेल तर पान परड्यातून ताजं तोडा, देठाकडून पिवळा चीक निथळू द्या, तो झोंबतो, आणि आतला गर तेव्हाच्या तेव्हा लावून मोकळ्या व्हा. ती साठवायची वस्तू नाही.

दातांच्या पुडीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. निपाणी तंबाखूचा मुलूख, आणि आपल्या भागात अजून कितीतरी बाया भाजलेल्या तंबाखूची मशेरी लावतात. ती तंबाखूच आहे. व्यसन लागतं आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतो. घरची म्हणून ती नैसर्गिक ठरत नाही. कोळसा आणि विटकरीची पूड दातांचं आवरण झिजवतात. घरच्या कुठल्याही पुडीत फ्लोराइड नसतं, म्हणून मुलांना साधी टूथपेस्टच द्या. दातांच्या बाबतीत मी घरचं करायला सांगत नाही.

राहिलं गटातून विकण्याचं. घरी वापरायला परवाना लागत नाही. पण केसांना, अंगाला लावायच्या वस्तू सौंदर्यप्रसाधनांत मोडतात आणि त्या विकायला 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि 2020 चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू होतात. राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून उत्पादनाचा परवाना घ्यावा लागतो, लेबलवर घटक आणि तारखा द्याव्या लागतात. गटाला ते पहिल्या वर्षी झेपत नाही. भांड्यांची पूड हे साफसफाईचं साहित्य, ते या कायद्यातल्या सौंदर्यप्रसाधनात येत नाही. तेव्हा सुरुवात त्यानंच करा. ती कोरडी असते, नासत नाही, आणि राख-कोंडा गावातच मिळतो. पिशवीवर ‘ॲल्युमिनियम आणि नॉनस्टिकसाठी नाही’ एवढं मराठीत आणि कन्नडमध्ये ठळक छापा. पहिल्या खेपेला पाच किलोच करा, गटातल्याच घरांत महिनाभर वापरायला द्या. हात कोरडे पडतात अशी कुणाची तक्रार आली तर सोडा अर्ध्या वाटीवरून पाव वाटीवर आणा, आणि मगच बाजारात बसा.